आमची वाटचाल : आधी एसी मोजायचा, मग जनरेटर निवडायचा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोटार रिवाइंडिंगचे काम सुरू केले, तेव्हा भोवताली खरोखरचे कारखाने होते आणि दुपारच्या पाळीचा भोंगा ऐकून आमचा चहा येत असे. रिवाइंडिंगच्या जोडीने लहान जनरेटर दुरुस्तीला येऊ लागले. श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहा ही त्या काळची घराघरांतली नावे. पेट्रोलवर चालू करायचे आणि गरम झाले की रॉकेलवर वळवायचे, अशी ती यंत्रे होती. डॉक्टरांचे दवाखाने, झेरॉक्सची दुकाने, लग्नाचे हॉल आणि गणेशोत्सव मंडळे हे आमचे गिऱ्हाईक होते. पुढे भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण ठाणे जिल्ह्यातून आणि कळवा-मुंब्रा पट्ट्यातून इतकी मागणी आली, की दुरुस्तीबरोबर आम्ही विक्री आणि भाड्याचेही काम धरले.

2012 नंतर राज्याच्या बहुतेक भागांतील भारनियमन संपले आणि त्याबरोबर आमचा निम्मा धंदाही ओसरला. जे उरले ते घोडबंदर रस्त्यावरच्या चित्रीकरणांनी टिकवले. तिथल्या व्हॅनिटी व्हॅनचे एसी आमच्या जनरेटरवर चालत आणि एसी बंद पडला की फोन आम्हालाच येई, त्यामुळे जनरेटर आणि एसी यांचे परस्परांशी कसे जमते आणि कुठे बिनसते, हे आम्ही तिथे जवळून पाहिले. टाळेबंदीनंतर लोक स्वतःच्या गाडीने फिरू लागले, राज्य सरकारचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आले, आणि जीपच्या मागे जोडायचा प्रवासी ट्रेलर घेतलेली कुटुंबे गाळ्याची पायरी चढू लागली. त्या सर्वांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असे : ‘दादा, ट्रेलरचा एसी चालेल असा, हलका, आवाज न करणारा जनरेटर द्या.’

या प्रश्नाला खोक्यावरचा आकडा पाहून उत्तर देता येत नाही. ट्रेलरच्या छतावर बसणारा एसी बहुधा एक टनाच्या आसपासचा असतो. एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचे माप) उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, आणि परदेशी छतावरच्या एसींमध्ये सर्रास आढळणारे माप 13,500 बीटीयूचे आहे. असा एसी एकदा चालू झाला की 1,200 ते 1,500 वॅट घेतो. हे ऐकून गिऱ्हाईक सहज म्हणते, ‘मग दोन केव्हीएचा पुरेल.’ (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे माप.) अडचण चालू राहण्याची नसून चालू होण्याची आहे. साध्या, एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरची मोटार थांबलेल्या अवस्थेतून फिरू लागते, त्या क्षणी ती नेहमीच्या करंटच्या चौपट ते सहापट करंट ओढते. 230 व्होल्टवर पाच-सहा अँपिअर घेणारा एसी त्या क्षणापुरता पंचवीस-तीस अँपिअरवर जातो. महावितरणच्या वायरला ते जाणवतही नाही. लहान जनरेटरचे इंजिन मात्र त्या धक्क्याने दबते, व्होल्टेज खाली येते, कॉम्प्रेसर गुरगुरतो पण फिरत नाही, आणि शेवटी ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो.

म्हणून आम्ही नियम केला, की ट्रेलर दारात आणल्याशिवाय, निदान एसीच्या नावपट्टीचा फोटो आणि कॉम्प्रेसरची माहिती हाती आल्याशिवाय, जनरेटर विकायचा नाही. आमचा मेकॅनिक एसीच्या फेजच्या वायरभोवती क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावतो, मीटरवरचे सुरुवातीचा करंट पकडण्याचे बटण दाबतो आणि मगच थर्मोस्टॅट खाली आणतो. आधी फक्त पंखा चालू होतो, अर्धा-पाऊण अँपिअर दिसतो. मग ‘खट्ट’ असा रिलेचा आवाज येतो आणि मीटरवर एक मोठा आकडा येऊन थांबतो. तो आकडा आम्ही गिऱ्हाइकाला स्वतः वाचायला लावतो. त्यानंतर एसी बंद करून लगेच पुन्हा चालू करून दाखवतो, कारण खरी परीक्षा तिथे असते : कॉम्प्रेसर थांबल्यावर गॅसचा दाब दोन्ही बाजूंना समान व्हायला सुमारे तीन मिनिटे लागतात आणि त्याआधी तो चालू केला तर दाबाविरुद्ध फिरावे लागल्याने मोटार अडकते. ज्या एसीत हा विलंब आपोआप होत नाही, तिथे आम्ही टाइम-डिले रिले आधी बसवतो.

मोजमाप हातात आले की तीन वाटा दिसतात. पहिली, मोठा जनरेटर घेणे. साध्या एक टनी एसीसाठी तीन केव्हीएच्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे. त्यातही ‘कमाल’ आणि ‘रेटेड’ हे दोन आकडे वेगळे असतात. कमाल क्षमता यंत्र थोडा वेळच देऊ शकते, तासन्‌तास चालायचे ते रेटेड क्षमतेवर. शिवाय केव्हीए आणि किलोवॅट यांमध्ये पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे प्रत्यक्ष वापरता येणारे किलोवॅट केव्हीएच्या आकड्यापेक्षा कमी भरतात, हे जाहिरातीत कुणी सांगत नाही. दुसरी वाट सॉफ्ट स्टार्टरची. मुठीएवढ्या या डबीतून कॉम्प्रेसरला व्होल्टेज हळूहळू वाढवत दिले जाते आणि सुरुवातीचा करंट निम्म्याहून खाली येतो. तिसरी वाट म्हणजे एसीच बदलणे. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर कमी वेगाने सुरू होऊन वर चढतो, त्यामुळे त्याला सुरुवातीचा धक्का जवळजवळ नसतोच आणि दोन केव्हीएचा चांगला जनरेटर त्याला पेलतो.

अण्णांना ही तिसरी वाट सुरुवातीला पटेना. मोठा जनरेटर विकण्याऐवजी गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दुकानातला एसी घ्यायला सांगणे हा त्यांच्या दृष्टीने धंदा नव्हता. माझे म्हणणे असे होते, की तीन केव्हीएचा साधा जनरेटर चाळीस-पंचेचाळीस किलोंच्या घरात जातो, तो ट्रेलरमधून दर मुक्कामी उतरवायला दोन माणसे लागतात, आणि दुसऱ्या सहलीनंतर तो बाल्कनीत पडून राहतो. पडून राहिलेला जनरेटर सर्व्हिसिंगलाही येत नाही आणि चारचौघांत आमचे नावही काढत नाही. हा वाद कुणी जिंकले असे नाही. हळूहळू इन्व्हर्टर एसीवाले गिऱ्हाईक दर पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला येऊ लागले आणि अण्णांनी तो विषय काढणे सोडून दिले.

अमेरिकेतून आणवलेल्या ट्रेलरांचा एक वेगळाच प्रकार आहे. त्यांचा एसी 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही मंद फिरतात, मोटार तापते आणि थंडावा कमी मिळतो. अशा ट्रेलरला आम्ही 230 व्होल्टचा एसी बसवून घ्यायला सांगतो आणि जनरेटरची चर्चा त्यानंतर करतो.

जनरेटरच्या जातीचा प्रश्न यानंतर येतो. साध्या पोर्टेबल जनरेटरचे इंजिन 50 हर्ट्झ मिळावेत म्हणून मिनिटाला 3,000 फेरे कायम राखते, मग तुम्ही एसी चालवा की नुसता मोबाईल चार्जिंगला लावा. इन्व्हर्टर जनरेटर आधी प्रत्यावर्ती (एसी) वीज एकदिश (डीसी) करतो आणि पुन्हा तिची स्वच्छ प्रत्यावर्ती वीज बनवतो, त्यामुळे इंजिनाला भाराप्रमाणे वेग कमी-जास्त करण्याची मुभा असते. पेट्रोल वाचते आणि आवाजही उतरतो. मात्र इको बटणाबाबत (भार कमी असताना इंजिन मंद ठेवणारे बटण) एक गोष्ट आम्ही यंत्राच्या अंगावर चिकटवूनच देतो : एसी सुरू करण्याआधी इको बंद करायचा. इंजिन मंद असताना कॉम्प्रेसरचा धक्का आला तर वेग चढायच्या आतच ओव्हरलोड होतो. जनरेटर सदोष आहे म्हणून परत आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे काम हे एक बटण दाबून भागते.

आवाजाच्या आकड्यांचा घोळ सर्वाधिक आहे. माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा बहुधा सात मीटर अंतरावरचा, आणि पुष्कळदा पाव भारावरचा असतो. उलट पेट्रोल जनरेटरसाठी सप्टेंबर 2003 पासून लागू असलेली 86 डेसिबलची सरकारी मर्यादा ही यंत्राच्या एकूण ध्वनी-शक्तीची आहे, ती मोकळ्या जागेत सात मीटरवर साधारण 61 डेसिबल भरते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की गिऱ्हाईक उगाच घाबरते किंवा उगाच निश्चिंत होते. अंतर निम्मे केले की सहा डेसिबल वाढतात, आणि सारखेच दोन जनरेटर जोडून चालवले की तीन. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेची मर्यादा 45 डेसिबलची आहे. तेव्हा येऊरच्या पायथ्याशी असो वा अलिबागच्या वाडीत, शेजारी घरे असताना रात्रभर जनरेटर चालवण्याचा बेत आखू नये, हे आम्ही विक्रीच्या वेळीच सांगतो. पॅरलल केबलने दोन लहान जनरेटर जोडण्याची सोय मला स्वतःला पसंत आहे. प्रत्येक नग वीस-बावीस किलोंचा, एका माणसाने उचलावा असा. दुपारी एसीसाठी दोन्ही चालवायचे, संध्याकाळी दिवे आणि पंख्यांसाठी एक पुरतो.

उन्हाळा आणि उंची या दोन गोष्टी क्षमतेला कात्री लावतात. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर चढल्यावर साधारण साडेतीन टक्के ताकद घटते, कारण इंजिनाला हवा विरळ मिळते. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटरवर आहे; तिथे 2.8 केव्हीए रेटेड यंत्र हातात 2.35 केव्हीएच देते, आणि दुपारच्या उष्णतेची घट वेगळी. महाबळेश्वरला एसी कशाला, असे अण्णा विचारतात. मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये ते अजून बसलेले नाहीत.

वायरीकडे तर कुणाचेच लक्ष नसते. जनरेटर दूर ठेवायचा म्हणून लोक घरातली एक चौरस मिलिमीटरची एक्स्टेंशन वायर वापरतात. वीस मीटर अशा वायरीतून तीस अँपिअरचा सुरुवातीचा करंट गेला की वीस-बावीस व्होल्ट वायरीतच पडतात आणि आधीच दमलेल्या जनरेटरवरचा कॉम्प्रेसर फिरत नाही. आम्ही अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची रबरी केबल आणि 16 अँपिअरचा औद्योगिक प्लग देतो. तिचे पैसे वेगळे लावतो आणि त्यावर सूट देत नाही. बहुतेक पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे ट्रेलरमधला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) गळतीच्या वेळी पडेलच याची खात्री नसते. ती जोडणी आमचा इलेक्ट्रिशियन तपासून देतो, गिऱ्हाइकाने स्वतः करू नये.

ज्या एका बाबतीत आम्ही गिऱ्हाईक परत पाठवतो ती म्हणजे जनरेटर ट्रेलरच्या आत किंवा फरशीखालच्या बंदिस्त पेटीत बसवण्याची मागणी. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही आणि वासही नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा वायू आत शिरल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक विक्रीत आणि भाड्याच्या प्रत्येक नगात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म धरलेलाच असतो. तो नको म्हणणाऱ्याला नगही मिळत नाही. जनरेटर ट्रेलरपासून निदान सहा मीटर दूर, सायलेन्सरचे तोंड दारे-खिडक्यांच्या उलट दिशेला, आणि वारा कुठून वाहतो ते पाहून ठेवायचा.

सर्व्हिसिंग हा आता आमचा खरा आधार आहे. नव्या यंत्राचे ऑइल पहिल्या वीस तासांनी आणि नंतर दर शंभर तासांनी बदलायचे, हे गिऱ्हाईक सहसा पाळते. कार्ब्युरेटर मात्र कुणी रिकामा करत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, ते ओलावा ओढते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात चार महिने तसेच पडून राहिलेल्या यंत्राच्या मेन जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात, चिकट थर बसतो. ऑक्टोबरात दोरी ओढून ओढून थकलेली मंडळी मग गाळ्यात येतात. जेट साफ करायला आमच्या मुलाला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात पुढच्या सहलीसाठी काय हवे, याची चौकशी होते.

सध्या त्या चौकशीत लिथियम बॅटरीचा विषय वारंवार निघतो. एक टनी इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर रात्री सरासरी पाच-सहाशे वॅटवर चालतो, म्हणजे आठ तासांना चार ते पाच युनिट लागतात. 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीत सुमारे पाच युनिट मावतात, त्यामुळे हिशेब काठोकाठ बसतो. ट्रेलर दिवसभर उन्हात तापलेला असेल किंवा सगळे रात्री बारा वाजेपर्यंत दार उघडे टाकून बसले असतील, तर बसत नाही. म्हणून जनरेटर काढून टाका असे आम्ही सांगत नाही. दोन केव्हीएचा जनरेटर संध्याकाळी चालवून बॅटरी भरून घ्यायची, दहाच्या आत तो बंद करायचा आणि रात्र बॅटरीवर काढायची, अशी जोडणी केलेला एक ट्रेलर आम्ही भाड्याने देण्यासाठी तयार केला आहे, आणि ज्यांना खरेदी करायची आहे त्यांना आधी तोच घेऊन एक रात्र बाहेर राहून या, असे सांगतो.