रक्तदाबाची गोळी आणि गुडघेदुखीची गोळी : माझा अनुभव

खानापूर तालुक्यात भाताची लावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून राहावे लागते, आणि साठीकडे झुकलेल्या माझ्या गुडघ्यांना ते आता सोसत नाही. यंदा शेजारच्या अक्कांनी त्यांच्याकडचे दुखण्याच्या गोळ्यांचे पाकीट दिले आणि मी सकाळ-संध्याकाळ एकेक याप्रमाणे आठ दिवस त्या घेतल्या. रक्तदाबाची रोजची गोळी चालूच होती.

नवव्या दिवशी पायांतली जोडवी रुतू लागली. एरवी १३०/८० असणारा रक्तदाब १६०/९६ निघाला. बेळगावच्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे टेबलावर शेजारी ठेवून मलाच वाचायला लावली. माझ्या रक्तदाबाच्या गोळीच्या, म्हणजे टेल्मिसार्टनच्या, नावापुढे बारीक ‘एच’ होता, जो मी पाच वर्षांत कधी पाहिलाच नव्हता. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, १२.५ मिलिग्रॅम, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारे औषध. अक्कांच्या पाकिटात असेक्लोफिनॅक होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीदेखील त्याच जातीची औषधे असून ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. त्यामुळे एक गोळी जे काढते ते दुसरी अडवते, आणि टेल्मिसार्टनसह तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण येतो. जुलाब किंवा उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

माझे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, ०.९ वरून १.४ झाले होते. दुखण्याची गोळी बंद केली, रक्तदाबाची मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवली, आणि दोन आठवड्यांनी ते १.० वर आले.

दुखण्यासाठी आता पॅरासिटामॉल ५०० घेते, तीही सहा तासांच्या अंतराने आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. येथेही एक फसगत आहे: अक्कांच्या त्याच गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतेच, सर्दीच्या अनेक गोळ्यांतही ते असते, त्यामुळे नकळत मात्रा वाढते. पाण्यात विरघळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या गोळीत सोडियम, म्हणजे मिठातलाच घटक, असते, म्हणून तीही मी टाळते.

मागच्या आठवड्यात मेडिकलमध्ये अंगदुखीची गोळी मागितली, तर मुलाने न विचारता पुन्हा असेक्लोफिनॅकचेच पाकीट पुढे केले. मी माझे टेल्मिसार्टनचे पाकीट पिशवीतून काढून त्याच्यासमोर ठेवले.