एमपी रिंग गेली, आठ एसपीएससी आल्या

डीपीडीकेवर (कर्नलला वगळून थेट नेटवर्क कार्डातून पॅकेट घेणारी लायब्ररी) चालणाऱ्या राउटरमध्ये मधूनच सगळं थिजायचं, त्याचं कारण सापडलं. लॅन (आतलं नेटवर्क) आणि वॅन (बाहेरची लाइन), दोन्हींचे आरएक्स (पॅकेट घेणारे) कोअर प्रत्येक वर्करच्या (पॅकेटवर काम करणाऱ्या कोअरच्या) एकाच रिंगमध्ये, म्हणजे गोल रांगेत, पॅकेट टाकत होते. डीपीडीकेच्या नेहमीच्या एमपी (एकाहून जास्त प्रोड्यूसर, म्हणजे टाकणारे) रिंगमध्ये प्रोड्यूसर हेड (इथवर जागा धरली, ही खूण) सरकवून जागा धरतो, पॉइंटर लिहितो, मग टेल (इथवर भरलं, ही खूण) हलवतो; आणि टेल हलते ती क्रमानंच. जागा धरलेल्या थ्रेडचा कोअर कर्नलनं तेवढ्यात दुसऱ्या कामाला दिला, की मागचा प्रोड्यूसर जागच्या जागी फिरत राहतो आणि वर्करला रिंग रिकामी दिसते. लॉकलेस (लॉक नसलेलं) म्हणजे वेट-फ्री (कुणाची वाट बघावी न लागणारं) नव्हे!

आयसोलसीपीयूजनं (कोअर इतर कामांपासून वेगळे ठेवणारा कर्नलचा पर्याय) प्रकार कमी झाला, थांबला नाही. डीपीडीके 20.05 पासूनचा रिंगचा आरटीएस मोडही लावून पाहिला. त्यात मागचा प्रोड्यूसर अडकत नाही, पण टेल हलवायची ती सगळ्यात शेवटी काम संपवणाऱ्यानं. तोवर वर्कर उपाशीच.

शेवटी एमपी काढूनच टाकलं. 2 आरएक्स, 4 वर्कर, म्हणून 8 एसपीएससी (एकच टाकणारा, एकच उचलणारा) रिंगा. आकार 1024, म्हणजे वापरायला 1023 जागा. वर्कर आळीपाळीनं दोन्ही रिंगांतून 32-32 पॅकेट उचलतो. आता एक आरएक्स थांबला तरी दुसरी दिशा वाहती राहते. फार समाधान झालं! बर्स्ट एनक्यूनं (रिंगमध्ये बरीच पॅकेट एकदम टाकणारं फंक्शन) 32 पेक्षा कमी आकडा परत दिला तर उरलेले एमबफ (पॅकेटचे बफर) तिथंच फ्री करा. नाहीतर मेमपूल (बफरांचा साठा) आटतो आणि आरएक्स गुपचूप बंद पडतो.

कार्डाचं आरएसएस (हेडरच्या हॅशवरून पॅकेट वेगवेगळ्या क्यूंत वाटणं) का नाही? लाइन पीपीपीओई आहे, म्हणजे आयपी पॅकेट आणखी एका वेष्टनात येतं. इंटेल 82599 कार्डाला आतला आयपी हेडर कळत नाही, सगळं क्यू 0 मध्ये पडतं. बाकी हे जुनं कार्ड अजूनही उत्तम, फक्त हीटसिंकवर पंख्याची हवा हवीच.

पुढचा बेत सिमेट्रिक हॅशचा (जाणाऱ्या आणि परतीच्या पॅकेटला एकच हॅश) होता, 6डी5ए वाली की घेऊन. तो रद्द. नॅटनंतर (आतल्या पत्त्याजागी बाहेरचा पत्ता लावणं) पत्ता आणि पोर्ट दोन्ही बदलतात, त्यामुळे परतीचं पॅकेट भलत्याच वर्करकडे जाईल. त्यापेक्षा नॅट पोर्ट देतानाच खालच्या 2 बिटांत वर्करचा क्रमांक ठेवायचा. वॅनचा आरएक्स डेस्टिनेशन पोर्टचे तेवढेच बिट बघेल: हॅश नको, नॅट टेबलला लॉकही नको. पिंगला पोर्टऐवजी आयसीएमपी आयडेंटिफायर चालेल. फ्रॅगमेंट (पॅकेटचे तुकडे) राहिले: पहिल्यानंतरच्या तुकड्यांत पोर्टच नसतो. सगळेच तुकडे सध्या वर्कर 0 कडे, रीअसेम्ब्लीसाठी (पुन्हा जोडायला).