एकच जन्मतारीख, दोन पासपोर्ट

परळच्या एका गेस्ट हाऊसमध्ये मी सतरा वर्षं काउंटरवर आहे. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. 2008च्या नोव्हेंबरनंतर या शहरात त्यात हयगय नको, हे मला पटलेलं आहे.

जुलैतल्या एका दुपारी नायजेरियाचा एक तरुण आला. पासपोर्ट दोन्ही हातांनी पुढे केला, किंचित वाकला, नजर खालीच. पान उघडलं आणि छातीत धस्स झालं. आडनाव, जन्मतारीख, चेहरा, सगळं परवाच 204मध्ये उतरलेल्या माणसाचं. पासपोर्टचा नंबर आणि नाव मात्र वेगळं. तो तायवो, हा केहिंदे.

"नो, मा. माय ब्रदर," एवढंच तो म्हणाला.

मॅनेजर कानाशी आले. "ताई, नायजेरियन आहे. ड्रग्जवाला असणार. चौकीला फोन लावा."

मलाही तेच वाटत होतं. आधी 204वाल्याला फोन केला आणि याला बाकावर बसवलं. पाऊण तास. साधं पाणी विचारलं नाही, ते अजून बोचतं.

तायवो हॉस्पिटलातून भिजत आला. दोघं शेजारी उभे राहिले. जुळे! नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात, त्याने सांगितलं. आधी जन्मतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे. पण थोरला केहिंदेच, कारण जग चाखून बघायला त्यानेच धाकट्याला पुढे धाडलं, असं मानतात. आणि मोठ्यांच्या नजरेला नजर देणं त्यांच्यात उद्धटपणा. आमच्या घरी अण्णांसमोर आम्ही भावंडं तरी कुठे मान वर करायचो? तीच खाली गेलेली नजर मी चोराची ठरवली.

पासपोर्ट पुन्हा हातात घेतला. व्हिसाचं पान मी उलटलंच नव्हतं. एरवी फॉर्मसाठी आधी तेच बघते. त्यावर स्वच्छ छापलेलं: मेडिकल अटेंडंट. एका रुग्णासोबत दोघांना तो मिळतो, आणि तायवोच्या व्हिसावरही तेच होतं. जर्मनीचे भाऊ असते तर "अय्या, जुळे!" म्हणून मी चहा मागवला असता.

दोघांची माफी मागितली. फॉर्म भरता भरता विचारलं, "आजारी कोण आहे?" दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"आई," केहिंदे म्हणाला. "उद्या सकाळी ऑपरेशन."