गोचीड बसते तिथली कातडी

फेब्रुवारीत देवगडजवळच्या एका वाडीतून सकाळीच फोन आला. पाडी थरथरतेय, लाळ थांबत नाही. गोठ्यात शिरताच आंब्याच्या फवाऱ्याचा वास आला. साधारण 60 किलोची पाडी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, पातळ शेण, छातीत घरघर.

काकी म्हणाल्या, "गोचडेंक आंब्याचा औषध लावलंय, डॉक्टरांनू."

ते म्हणजे क्लोरपायरिफॉस 20 टक्के, पिकांवरचं कीटकनाशक, पाणी न घालता, फडक्याने कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली लावलेलं. गोचीड बसते तीही तिथेच, कारण तिथली कातडी पातळ आणि केस विरळ. गोचिडीच्या अंगावरचा मेणकट थर तिच्या आतलं पाणी राखतो, पण तेलात विरघळणारं विष त्यातूनच आत उतरतं. पाडीच्या कातडीचं कामही असंच चालतं: वर मेलेल्या पेशी, मध्ये स्निग्ध पदार्थ. शेतीच्या औषधातलं द्रावक हे स्निग्ध सैल करतं, आणि चाव्यांच्या जखमा तर उघड्याच असतात.

आधी अॅट्रोपिन, म्हणजे या विषाने सुटलेली लाळ आणि घरघर थांबवणारं औषध. किलोला 0.25 मिग्रॅ धरलं तर 15 मिग्रॅ. एका अँप्यूलमध्ये 0.6 मिग्रॅ, म्हणजे पंचवीस अँप्यूल, पिशवीत दहाच. पहिल्या सहा अँप्यूलमधला डोस शिरेतून सावकाश दिला, बाकीचा कातडीखाली, उरलेले अँप्यूल मेडिकलमधून येतील तसे. जोडीला पॅम (प्रॅलिडॉक्झिम, विषाने अडवलेलं एन्झाइम मोकळं करणारं औषध) 1200 मिग्रॅ, सलाइनमधून. हे लवकर द्यावं लागतं. विष नसांचे संदेश आवरणाऱ्या त्या एन्झाइमला कायमचं चिकटलं की पॅमचा उपयोग उरत नाही. घरघर कमी झाल्यावर हातमोजे घालून साबण आणि थंड पाण्याने पाडी धुतली. गरम पाण्याने किंवा घासून धुतलं तर कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि विष जास्त ओढलं जातं. काकींनाही कोपरापर्यंत हात धुवायला लावले.

दुपारी तीनला लाळ पुन्हा सुरू झाली. चूक माझी होती: कासेच्या बेचक्यातले आणि शेपटीच्या गोंड्यातले केस नीट धुतलेच नव्हते. कातडीवर साठा असेपर्यंत अॅट्रोपिन फक्त वेळ काढून देतं. गोंडा कापला, बेचकं पुन्हा साबणाने धुतलं, अॅट्रोपिनचा अर्धा डोस दिला. तोंड कोरडं पडलं की थांबायचं, नाहीतर पोट बंद पडतं.

तिसऱ्या दिवशी पाडी आईला लागली. गोचिडांसाठी जनावरांवर वापरायचं कीटकनाशक डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के, लिटर पाण्याला 2 मिली, असं मोजून लिहून दिलं. निघताना तेच फडकं गव्हाणीवर वाळत घातलेलं दिसलं. काठीने उचलून विहिरीपासून लांब पुरायला लावलं.