संकासुर 2 जीबीत बसवताना

गेल्या मार्गशीर्षात कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत काकांनी दशावतारी नाटकातला काळ्या वेषाचा राक्षस, संकासुर केला. गुडघे दुखतात, पुढच्या वर्षी उभे राहतील की नाही सांगता येत नाही. म्हणून मी मोबाइल घेऊन पुढे बसलो आणि आडदशावतार (सुरुवातीचा पारंपरिक भाग, संकासुर त्यातच येतो) व त्यानंतरच्या आख्यानाचा, म्हणजे मुख्य कथेचा, बराचसा भाग टिपला. एकूण 3 तास, फाइल 23 जीबी.

काकांना तो फोनवरच हवा होता. घरात नेटवर्क धड येत नाही, त्यामुळे लिंक पाठवून उपयोग नव्हता. मी संकासुराचा तुकडा कापून नेहमीसारखा गॅलरीतून व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. असा पाठवलेला व्हिडिओ पाठवतानाच लहान केला जातो, हे मला माहीत असूनही घाईत विसरलो. संध्याकाळी काकांचा फोन आला. "रे, मी खंय आसंय ह्याच्यात? नुसते काळे चौकोन दिसतत."

ते ऐकून वाईट वाटलं. ठरवलं की व्हिडिओ लहान करायचाच, पण काय जाऊ द्यायचं आणि काय राखायचं ते मी ठरवणार.

व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून फाइल पाठवली तर ती आहे तशी पोहोचते. मर्यादा 2 जीबी. मग कागदावर हिशेब मांडला. 2 जीबी म्हणजे 16,000 मेगाबिट, 3 तास म्हणजे 10,800 सेकंद. भागाकार केला तर सेकंदाला जेमतेम दीड मेगाबिट. मूळ चित्रीकरण 17 चं होतं. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) गुणिले वेळ, एवढंच. हे आधी कळलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

पहिल्या रात्री हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं, 1080पी (चित्राची उंची 1080 बिंदू) तसंच ठेवलं, क्वालिटीचा आकडा 22 वर ठेवून झोपलो. सकाळी 8 जीबी. दिवसा काढलेल्या लग्नाच्या व्हिडिओवर हीच सेटिंग किती छान चालली होती! फरक उजेडाचा होता. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारी पद्धत, एक पूर्ण चित्र साठवतो आणि पुढे बव्हंशी फक्त बदल टिपत जातो. स्थिर पडदा, स्थिर बाक यांना फारसं काही लागत नाही. पण रात्रीच्या अपुऱ्या उजेडात मोबाइल जे दाणे पाडतो, ते प्रत्येक फ्रेमला वेगळे असतात. कोडेकला वाटतं, सगळा रंगमंच हलतोय. निम्मे बिट त्या दाण्यांवरच जात असावेत. पहिला अर्धा तास मी मोबाइल हातात धरला होता, तो भाग तर आणखी जड निघाला. नंतर स्टँड लावला होता तिथे मिनिटामागे आकार स्पष्ट कमी होता.

त्यानंतर मी पूर्ण फाइलला हात लावला नाही. संकासुराची फक्त 2 मिनिटं निवडली आणि त्यावरच प्रयोग केले. 720पी केलं. दाणे काढायचा एनएलमीन्स फिल्टर लावला. तो जोरात लावला तर चेहरे मेणासारखे झाले, विष्णूच्या कपाळावरच्या गंधाच्या रेषा एकमेकींत मिसळल्या. हलका लावला तेव्हा दाणे बसले आणि रेषाही राहिल्या. काळा वेष हीच खरी परीक्षा होती. अंधारातल्या काळ्यावर बिट कमी पडले की पहिल्यांदा तिथेच चौकोन उमटतात. म्हणून प्रत्येक तुकडा खोलीतला दिवा बंद करून पाहिला.

एच.265 या नव्या कोडेकमध्ये फाइल अजून लहान झाली असती, पण काकांच्या जुन्या फोनवर तो तुकडा अडखळत चालला. जुन्या एच.264 वरच राहिलो. फ्रेम सेकंदाला 30 च ठेवल्या, नाहीतर गिरकी तुटक दिसते.

आवाजाबद्दल मात्र मी अडून बसलो. बरेच जण पहिली कात्री तिथे लावतात. 160 केबीपीएसने (सेकंदाला 160 किलोबिट) 3 तासांचा आवाज 216 एमबी होतो. तो 64 वर आणला तर 130 एमबी वाचतात, आणि झांज फाटते. पखवाज आणि पेटी एकवेळ तग धरतात, झांजेचा वरचा झणकार आधी जातो. दशावतारात झांजेशिवाय काय उरतं? आवाज 160 वरच ठेवला.

शेवटी सरासरी बिटरेट 1,300 केबीपीएस, दोन पासमध्ये, वेग स्लो. पहिल्या पासमध्ये कुठे किती हालचाल आहे ते पाहिलं जातं, दुसऱ्यात त्याप्रमाणे बिट वाटले जातात, आणि आकार आधीच ठरलेला असतो. लॅपटॉप रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तापत राहिला. फाइल आली 1.97 जीबी. 23 जीबीची मूळ प्रत दोन हार्ड डिस्कवर ठेवली आहे. तिला मी हात लावणार नाही.

काका बाजारात गेले तेव्हा ओळखीच्या दुकानातल्या वायफायवर फाइल उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी फोन आला. "तिसऱ्यांदा बघतंय. बत्तीसाव्या मिनटाक माजो पाय चुकलो, दिसता काय तुका?"

मी फाइल उघडून 32व्या मिनिटावर नेली. काळ्या वेषाच्या घोळाखाली डावं पाऊल अर्धी मात्रा उशिरा पडलं होतं. स्पष्ट दिसत होतं.