सुपरहिरोंची सामूहिक गोष्ट: ऑनलाइन रोलप्ले उभा कसा करायचा आणि चालता कसा ठेवायचा

डिसकॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सर्व्हर, म्हणजे आपल्या गटाची जागा, उघडायला दहा मिनिटं पुरतात. रोलप्ले म्हणजे पाच-सहा जणांनी एकेक पात्र घेऊन मिळून लिहिलेली गोष्ट; सुपरहिरोंची अशी गोष्ट चार-सहा महिने चालती ठेवणं हे मात्र मोठं काम आहे, आणि त्यातलं निम्मं पहिली पोस्ट पडण्याआधीच उरकावं लागतं. गूढकथा किंवा ऐतिहासिक रोलप्लेपेक्षा हा प्रकार सांभाळायला अवघड. इथे प्रत्येक पात्राकडे एका वाक्यात प्रसंग संपवण्याची ताकद असते आणि प्रत्येक खेळाडू लेखकही असतो. म्हणून कुणाचं पात्र काय करू शकत नाही, हे सगळ्यात आधी ठरवून घ्या.

खेळाडू पाच किंवा सहा घ्या, प्रसंग मांडणारा सूत्रधार म्हणजे जीएम (गेम मास्टर) वेगळा. चारच जण असले की एकाची परीक्षा आली तरी गोष्ट अडते. आठ झाले की प्रत्येकाला पुरेसा वाव देणं सूत्रधाराच्या आवाक्याबाहेर जातं. येणाऱ्याकडून दीडशे-दोनशे शब्दांची नमुना पोस्ट मागा. भाषा किती सजवली आहे ते पाहू नका. पोस्टच्या शेवटी दुसऱ्याला उत्तर देण्यासारखं काही सोडलंय का, ते पाहा. प्रश्न, अर्धी उघडलेली खिडकी, कुणाच्या तरी दिशेने फेकलेली किल्ली, काहीही चालेल. हे ज्याला जमतं तो खेळाडू सोन्यासारखा.

शक्तींचा उगम सगळ्यांसाठी एकच ठेवा. एकाला यंत्रमानवाने बनवलं, दुसऱ्याला शाप मिळाला, तिसरा परग्रहावरून आला, असं झालं की या जगात काय शक्य आहे हेच कुणाला कळत नाही, आणि मग प्रत्येक वाद सूत्रधाराच्या दारात येतो. मराठी गटासाठी लोणार हा उत्तम उगम आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं, बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. जून २०२० मध्ये त्यातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे त्याचं शास्त्रीय कारण. आपल्या गोष्टीत एवढंच जोडायचं की त्या दिवसांत जे काठावर होते, त्यांच्यात बदल झाला. तो लॉकडाऊनचा काळ होता, त्यामुळे बाहेरची वर्दळ जवळपास थांबलेली. मग तुमचं पात्र तिथे का होतं? वनरक्षक, पाण्याचे नमुने घ्यायला आलेली संशोधक, दूध पोचवणारा, शहरातून पायी गावाकडे निघालेला मजूर. या एका प्रश्नातून निम्मं पात्र उभं राहतं, आणि सगळे एकाच घटनेने बांधलेले असल्यामुळे त्यांना एकत्र आणायला ओढूनताणून योगायोग लागत नाही.

जगाची माहिती दोन पानांत संपवा. वीस पानं कुणी वाचत नाही. लोकांना या शक्तींबद्दल माहीत आहे का, पोलीस आणि सरकार काय करतात, आणि या जगात काय अजिबात घडत नाही, एवढं पुरे. माझ्या मते शेवटच्या यादीत काळात मागे जाणं आणि मेलेल्याचं परत येणं हवंच. काळात मागे जाणारा एकही खेळाडू असला की बाकीच्यांनी लिहिलेलं कधीही पुसलं जाऊ शकतं. मेलेलं पात्र परत येतं हे एकदा दिसलं की पुढच्या एकाही मरणाचं दुःख होत नाही.

आता पात्रपत्रक. इथे घाई करू नका. शक्ती एका वाक्यात, तिचे तीन वापर, दोन मर्यादा आणि एक किंमत. त्याखाली घरी कोण आहे, गुपित कुणाला ठाऊक आहे, आणि शक्तीने मिळू न शकणारी कोणती गोष्ट या पात्राला हवी आहे. उदाहरण घ्या: ‘ठिणगी’, सांगलीची, पेशाने वायरमन. शक्ती: जवळच्या तारेतली वीज अंगात ओढून बाहेर सोडते. वापर: झटका देणे, दिवे घालवणे, बंद यंत्र चालू करणे. मर्यादा: दहा मीटरच्या आत चालू वीजवाहिनी हवी, आणि भिजलेली असताना झटका तिलाच बसतो. किंमत: प्रत्येक मोठ्या वापरानंतर तासभर उजवा हात बधिर. बघा, भारनियमन आणि पाऊस या दोन रोजच्या गोष्टी आता तिच्या शत्रू झाल्या. सूत्रधाराला अडचण निर्माण करायला नवा राक्षस शोधायची गरज उरली नाही.

मर्यादा मोजता येईल अशी लिहून घ्या. ‘फार वापरलं की थकतो’ ही मर्यादा नव्हे. ऐन लढाईत कुणीच स्वतःहून थकत नाही. अंतर, वेळ, वजन किंवा संख्या यांपैकी काहीतरी हवं. ताकदीसाठी एक साधी पायरी लावता येते: स्कूटर उचलणारा, रिक्षा उचलणारा, रिकामी एसटी उचलणारा. भरलेली एसटी कुणीच उचलत नाही. वेगवान पात्राला एका फेरीत दोन छोट्या कृती किंवा एक मोठी, त्यापुढे नाही. नाहीतर बाकीच्यांचं वाक्य सुरू होण्याआधी तो खलनायकाला बांधून मोकळा होतो. दुसऱ्याला बरं करणाऱ्या पात्राने जखम स्वतःच्या अंगावर घ्यायची, म्हणजे इलाज फुकट होत नाही.

मन वाचणारं पात्र सगळ्यात नाजूक. लेखी रोलप्लेत खेळाडू आपल्या पात्राचे विचार पोस्टमध्येच लिहितात, ते सगळ्यांना दिसतात, आणि मनकवड्याचा खेळाडू नकळत ते सगळं वापरू लागतो. नियम असा करा: मन वाचायचं असेल तर गोष्टीबाहेरच्या गप्पांच्या म्हणजे ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर) चॅनेलवर विचारायचं, आणि समोरच्या खेळाडूने जी एक ओळ दिली तेवढीच पात्राला कळली. बाकी पोस्टमधले विचार वाचकांसाठी, पात्रांसाठी नाहीत. हाच नियम सगळ्यांना लागू आहे. खेळाडूला ठाऊक असलेलं पात्राच्या तोंडी आलं की तो मेटागेमिंग.

याहून मोठं दुखणं गॉडमोडिंगचं, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं हे आपणच लिहून टाकण्याचं. ‘मी त्याला ठोसा मारला आणि तो भिंतीवर आदळून बेशुद्ध पडला’ हे वाक्य चालणार नाही. ‘मी त्याच्या जबड्याच्या दिशेने ठोसा मारला’ इथेच थांबायचं. लागला की हुकला, किती लागला, हे ज्याचं पात्र आहे तो लिहितो. सूत्रधाराच्या पात्रांबाबत सूत्रधार. नियम समजावून सांगण्यापेक्षा सर्व्हरच्या पहिल्या पानावर चुकीचं आणि बरोबर अशी दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. लोक उदाहरणावरून पटकन शिकतात. उलटी बाजूही सांगून ठेवा: जो खेळाडू प्रत्येक वार चुकवतो, त्याच्याबरोबर लढाई लिहिता येत नाही. तीन वारांपैकी निदान एक लागू द्यावा.

तरी लढाईत निकाल लावावाच लागतो. सहमतीने होत असेल तर उत्तम, नाहीतर सहा बाजूंचे दोन फासे टाका. बेरीज दहा किंवा जास्त आली तर हवं ते साधलं, सात ते नऊ आली तर साधलं पण काहीतरी गमावलं, सहा किंवा कमी आली तर सूत्रधार संकट वाढवतो. निव्वळ फाशांवर पूर्ण यशाची शक्यता ३६ पैकी ६. पात्राच्या खास कामाला एक गुण वाढवला की ती १० होते, दोन वाढवले की १५. दोनाच्या वर कुणाला देऊ नका, कारण तीन दिले की अपयश ३६ पैकी फक्त ३ वेळा येतं आणि लढाईतली धाकधूक संपते. फासे सर्व्हरवरच्या बॉटकडून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमकडून, सगळ्यांसमोर टाकायचे.

वेग हा दुसरा कळीचा मुद्दा. लढाईत एकामागून एक पाळी ठेवून प्रत्येकाला ४८ तास दिले, तर सहा खेळाडूंची एक फेरी १२ दिवसांची होते. तीन फेऱ्यांची चकमक महिनाभर रेंगाळते आणि तोवर माणसं गळतात. त्याऐवजी सूत्रधार प्रसंग मांडतो, सगळे ४८ तासांत कुठल्याही क्रमाने आपापली कृती लिहितात, आणि मग सूत्रधार एकच निकालाची पोस्ट टाकतो. फेरी तीन दिवसांत आटोपते. ज्याने लिहिलं नाही त्याचं पात्र त्या फेरीत स्वतःचा बचाव करतं, एवढंच. चार दिवस निरोप नसेल तर ते पात्र प्रसंगातून बाहेर न्यायचा मार्ग आधीच ठरलेला असावा: त्याला फोन येतो, तो जखमींना घेऊन जातो. मारायचं नाही. माणूस परत येऊ शकतो.

मराठी गट हमखास चार देशांत पसरलेला असतो. पुण्यात रात्रीचे दहा वाजले असताना दुबईत साडेआठ आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं तासाने सरकतात, युरोपातली मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आपली कधीच नाही. ‘उद्या रात्रीपर्यंत’ अशी मुदत दिली की गोंधळ ठरलेला. डिसकॉर्डचा टाइमस्टॅम्प वापरा. तो वाचणाऱ्याला त्याच्याच स्थानिक वेळेत दिसतो.

चॅनेल मोजके ठेवा. नियम, पात्रपत्रकं, ओओसी गप्पा, फासे, आणि प्रसंगांसाठी एक फोरम चॅनेल. फोरममध्ये प्रत्येक प्रसंग म्हणजे एक स्वतंत्र धागा, त्याला ‘चालू’, ‘संपला’, ‘लढाई’ असे टॅग. काही दिवस कुणी लिहिलं नाही की धागा आपोआप मिटतो. नवे लोक घाबरतात, पण काहीही पुसलं गेलेलं नसतं, नवी पोस्ट टाकली की तो पुन्हा उघडतो. पात्राच्या नावाने आणि चित्रासह पोस्ट पडावी म्हणून टपरबॉक्स बॉट सोयीचा आहे. तो तुमचा मूळ संदेश काढून वेबहुकने, म्हणजे दुसऱ्या नावाने संदेश टाकायच्या डिसकॉर्डच्या सोयीने, पुन्हा टाकतो, म्हणून त्याला संदेश आणि वेबहुक हाताळायची परवानगी लागते. अशी पोस्ट नेहमीच्या बटणाने सुधारता येत नाही, बॉटच्याच आज्ञेने सुधारावी लागते. हे पहिल्याच दिवशी सांगा.

मोफत खात्याला एका संदेशात २००० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात: ‘शक्ती’ हा शब्द पाच अक्षरांचा धरला जातो. म्हणजे मराठी पोस्ट साधारण तीनशे शब्दांच्या आत संपते. ही मर्यादा चांगलीच आहे. त्याहून लांब पोस्टमध्ये इतरांना उत्तर द्यायला जागा राहत नाही. लिपीही ठरवा. अर्धे देवनागरीत आणि अर्धे रोमनमध्ये लिहू लागले की शोध निकामी होतो, एका लिपीत शोधलेलं नाव दुसऱ्या लिपीतल्या पोस्टमध्ये सापडत नाही. कथेत देवनागरी, गप्पांत काहीही, ही विभागणी छान चालते.

सुरुवातीलाच प्रत्येकाकडून खासगीत दोन याद्या घ्या: गोष्टीत मुळीच नको असलेले विषय, आणि घडले तरी पडद्याआड राहावेत असे विषय. नावं न लावता एकत्र करून त्या सगळ्यांना दाखवा. सुपरहिरोंच्या गोष्टीत ओलीस, छळ, लहान मुलांवरचे हल्ले सहज येतात, म्हणून हे टाळू नका. प्रसंग चालू असताना ओओसीमध्ये ठरलेली एक खूण पडली की तिथेच थांबायचं, कारण विचारायचं नाही. डिसकॉर्ड वापरायला किमान वय १३ आहे. गटात अल्पवयीन आणि प्रौढ एकत्र असतील तर प्रेमप्रसंग ठेवूच नका. हयात राजकारणी, खऱ्या जाती-धर्माचे तंटे, गटातल्या कुणाचं कॉलेज किंवा सोसायटी, हे खलनायकाच्या बाजूला कधीही नको.

गोष्टीला शेवट असू द्या. आठ ते दहा आठवड्यांचा एक अध्याय, त्यात एक खलनायक आणि तीन मोठे प्रसंग, मग पंधरा दिवस सुट्टी. ज्यांना जायचं ते सन्मानाने जातात, नवे येतात, पात्रपत्रकात एखादी मर्यादा सैल किंवा घट्ट करता येते. सुट्टीत प्रत्येक प्रसंग गुगल डॉकमध्ये क्रमाने उतरवून घ्या. सर्व्हर कुणी रागाच्या भरात उडवला तरी मजकूर राहतो. पुढे हे ई-बुक किंवा दिवाळी अंकासाठी द्यायचं मनात असेल, तर पहिल्या अध्यायाआधीच सगळ्यांची लेखी संमती घ्या. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकुराचा पहिला मालक सहसा लेखकच असतो, म्हणजे प्रत्येक पोस्ट ज्याची त्याची. गट सोडून गेलेल्या खेळाडूचा पत्ता वर्षभराने शोधत बसण्यापेक्षा प्रवेशाच्या वेळीच तीन ओळी लिहून घेणं सोपं: मजकूर कुठे छापता येईल, नाव काय लावायचं, आणि गट सोडल्यावर त्या पात्राचं काय करायचं.