तीन शिरगावं आणि एक पुसट शब्द

मोडी लिपीतले जुने कागद वाचायचं काम मी रत्नागिरीत चौदा वर्षं करते आहे. माझ्याकडे माणसं येतात ती जमिनीच्या वादासाठी, नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींची, इतकी बाडं हाताखालून गेली की रात्री डोळे मिटले तरी अक्षरं दिसायची. सगळ्यांना पणजोबा हवा असतो, फार तर खापरपणजोबा. पण तो मिळाला की त्याचा सातबाऱ्याशी किंवा दाखल्याशी संबंध लावायचा आणि काम संपवायचं.

गेल्या श्रावणात एक आजी आल्या, त्यांना यातलं काहीच नको होतं. मॉरिशसमधल्या वाक्वा गावच्या, वय शहात्तर, सोबत पंचविशीतला नातू. आजी शाळेत शिकल्यासारखं स्वच्छ, थोडं पुस्तकी मराठी बोलत होत्या. नातू क्रेओल आणि इंग्रजीत. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर इतका हळू ठेवला की मीही हात पुसूनच तो घेतला.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत भारतातून नेलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत. तिथून मिळालेली ती प्रत होती. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय बावीस, उंची पाच फूट साडेतीन इंच, डाव्या भुवईवर वण, जात मराठा, मुंबई बंदर, साल १८५६. फोटो नाही, कारण या मजुरांचे फोटो काढायला सुरुवात झाली ती १८६० नंतर. आजींच्या घराण्याला त्या माणसाचा चेहरा माहीत नाही, भुवईवरचा वण तेवढा माहीत आहे. (नाव मी इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.)

मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना कामाला माणसं हवी झाली. पुढच्या पाऊणशे वर्षांत हिंदुस्थानातून साधारण साडेचार लाख माणसं करारावर तिथे गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. मुंबईहून गेली ती त्या मानाने थोडी, पण त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली बरीच. तिकडची मराठी माणसं अजून झाकरी नाचतात, ती आपली जाखडीच. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर दगडी पायऱ्या आहेत, बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून वर यायचा. आजी दर वर्षी २ नोव्हेंबरला, मजूर आल्याच्या स्मरणदिनी, त्या पायऱ्यांशी जाऊन उभ्या राहतात.

त्यांचं आडनाव ‘जी’ने संपणारं. इथे मी त्यांना पहिली गोष्ट समजावली ती ही, की ते आडनाव कोकणात शोधू नका. मळ्यावरच्या कारकुनांना नाव आणि बापाचं नाव एवढंच कळे, आणि त्यातलंच एक पुढच्या पिढीचं आडनाव होऊन बसे. आजींचं आडनाव म्हणजे त्या बावीस वर्षांच्या मुलाच्या बापाचं नाव होतं, मागे आदराचा ‘जी’ लावलेलं. हे ऐकून नातू गप्प झाला. आजी म्हणाल्या, “म्हणजे आम्ही रोज त्यांच्या बापाला हाक मारतो.”

गावाच्या रकान्यात इंग्रजीत ‘सीरगाऊम’सारखं काहीतरी होतं आणि जिल्हा रत्नागिरी. म्हणजे शिरगाव. नातू म्हणाला, “ते आम्हाला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी जाऊन आलो.”

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या शिरगावात ते गेले होते. कुणी गाडीवाल्याने नेलं, देवळात नारळ दिला, आजींनी रुमालात माती बांधून घेतली. ती माती वाक्वाच्या अंगणात तुळशीत घातलेली आहे. आता त्यांना त्या गावात आपली भावकी शोधायची होती.

माझ्या पोटात गोळा आला. शिरगाव एक नाही. रत्नागिरीचं आहे, चिपळूणचं आहे, देवगडचंही आहे. देवगड आज सिंधुदुर्गात असलं तरी सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली; त्याआधी ते सगळं रत्नागिरीच. त्या गाडीवाल्याला दोष देत नाही. पण माझ्या व्यवसायात अर्धवट उत्तर हे चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त घात करतं, कारण माणूस पुढे शोधणंच थांबवतो.

कागदावर गावाच्या नावापुढे आणखी एक शब्द होता. शाई फुटलेली, मधली दोन अक्षरं गेलेली. नातवाला वाटत होतं ती पोटजात असावी. मी भिंग घेऊन पाऊण तास बसले. काही लागेना. शेवटी चहा टाकला.

चहा समोर आला तशा आजींनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून मग कप उचलला. मी विचारलं, काय म्हणालात? त्या जरा लाजल्या. “काही नाही, सवय. आमच्या घरी खाण्याआधी म्हणतात. पावना माय, राख. पावना म्हणजे पवित्र ना?”

मी पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा ‘ना’ नीट कानावर आला. तो ‘न’ नव्हता, ‘ण’ आणि ‘न’ यांच्या मधला कुठलातरी होता, मागे एक ‘ई’ गिळलेली.

पावणाई.

देवगड-कणकवलीच्या पट्ट्यात किती गावांची ग्रामदेवता पावणाई आहे! रत्नागिरीजवळच्या माणसाच्या तोंडात ते नाव सहज येणार नाही. पाच पिढ्यांनी अर्थ हरवला होता, हाक मात्र टिकवली होती.

मी उठून परत कागदाकडे गेले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे आम्हाला डोळ्यांनी वाचून भागत नाही, शब्द मोठ्याने म्हणून बघावा लागतो. इंग्रजी कागद आहे म्हणून सकाळपासून मी तो नुसता बघत होते. आता म्हणायला लागले. वि… झि… पुढे गेलेलं… ड्रूग. विझिअड्रूग! साहेबांच्या कागदांत विजयदुर्ग असाच लिहिलेला असतो. ती पोटजात नव्हती, तो तालुका होता. कंपनीच्या काळात रत्नागिरी जिल्ह्याचे जे तालुके होते त्यांत सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी नावं येतात. चिपळूणचा मुलूख अंजनवेलीकडे. विजयदुर्ग म्हणजे आजच्या देवगडची बाजू.

आता हे सांगायचं कसं? मला आनंद झाला होता आणि तो चेहऱ्यावर दिसू नये असं वाटत होतं. शेवटी नकाशा पसरला आणि तिन्ही शिरगावांवर तीन चिंचोके ठेवले. मग दोन उचलले.

नातवाला राग आला, आणि त्याचं बरोबरच होतं. आजी बराच वेळ नकाशाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, “ती माती तुळशीतून काढायची का?”

मी म्हटलं, “नको आजी. राहू दे तिथेच.” याहून जास्त काही मला सुचलं नाही.

पुढचं काम मी स्पष्ट सांगितलं. दोन खुणा जुळल्या, पुरावा झालेला नाही. नमुना १४ च्या नोंदी हा मुलगा मॉरिशसला गेल्यानंतरच्या, त्यामुळे तो त्यांत सापडणार नाही, सापडला तर मागे राहिलेल्या भावाचा वंश सापडेल. खोतीच्या गावांत कुळांची नावं बोटखतात, म्हणजे तिथल्या जुन्या जमीननोंदीत, लिहिलेली असतात, तेही पाहावं लागेल. बापाचं नाव आपल्याकडे आहे, ते कुठल्या घराण्यात पुन्हा पुन्हा येतं ते बघायचं, कारण आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात. महिने लागतील. आजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागायचं असं ठरलं.

निघताना त्यांनी कागदाची झेरॉक्स पुढे केली आणि म्हणाल्या, “गावाचं नाव तुमच्या अक्षरात लिहून द्या.”

मी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहिलं, खाली मोडीत लिहिलं. शिरगाव, तालुका देवगड. पेन्सिलीनेच लिहिलं, आणि का ते सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं. मग टेबलावरचं माझं पेन उचललं, चष्मा नीट केला, आणि ती अक्षरं एकेक करून गिरवली. मोडीसुद्धा.